दारातल्या चपला

आमच्या घरात कोण आहे आणि कोण बाहेर गेलं आहे, हे कुणी कुणाला विचारत नाही. पायरीकडे बघायचं. अमरावतीहून तिवशाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला आमचं वावर, वावरातच घर, आणि घराच्या पायरीपाशी चपलांची ओळ. प्रत्येकाची जागा ठरलेली. भिंतीकडून पहिल्या सासऱ्यांच्या रबरी चपला, त्यांच्या शेजारी सासूबाईंच्या, मग नवऱ्याच्या सँडल. ओलित केलेल्या काळ्या मातीत चपला रुतून बसतात, म्हणून मागे झेंडूच्या आणि शेवंतीच्या वाफ्यांत सगळे अनवाणीच जातात. त्यामुळे पायरीवर चपला आहेत म्हणजे माणूस घरात, नाहीतर वाफ्यांत. चपला नाहीत म्हणजे रस्त्याला लागलं. सासूबाई चहा ठेवायच्या आधी पायरीकडे एक नजर टाकतात आणि तेवढेच कप मांडतात. नवीन लग्न होऊन आले तेव्हा मला याचं हसू यायचं. बाळापूरला माझ्या माहेरी चपला अशा उधळलेल्या असायच्या, की एक सापडली तर दुसरी शोधायला शेजारी जावं लागायचं.

माझी लेक ही पद्धत बोलायच्या आधी शिकली. रांगत रांगत उंबरठ्यापर्यंत यायची, पायरीवर पोट टेकायची आणि एकेका चपलेवर हात ठेवायची. पुढे शब्द आले तेव्हा ते पहिल्यांदा तिथेच आले. रबरी चपलेवर हात ठेवून "आबा", सँडलवर हात ठेवून "बाबा". सासरे म्हणायचे, "इनं तं हजेरी लावली आपली." चपला जागेवर नसल्या की ती दोन्ही तळवे वर करायची आणि रस्त्याकडे बघायची. तिला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवायचं कसं, हेही आम्हाला माहीत नव्हतं.

हे सगळं मला नवऱ्याने पाठवलेल्या व्हिडिओंमधून माहीत आहे. कारण तिच्या हजेरीच्या वेळी मी अकोल्याला असते.

मी तिथे एका बियाणे कंपनीत काम करते. सोयाबीन, तूर, हरभरा उगवतो की नाही हे तो शेतकऱ्याच्या हातात जाण्याआधी तपासायचं. ओल्या कागदावर दाणे मांडायचे, कागदाची गुंडाळी करायची, पेटीत ठेवायची आणि काही दिवसांनी उलगडून बघायचं. काम मला आवडतं, ते सोडायचा विषय निघाला की मी उठून भांडी घासायला लागते, आणि त्याचा अर्थ घरात सगळ्यांना कळतो. अकोल्यात माझी भाड्याची एक खोली आहे, घरमालकीणबाईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर. तिथे लेकराला दिवसभर बघणार कोण? इकडे आजी, आजोबा, बाप, अंगण. तेव्हा ती अमरावतीला राहील आणि मी शनिवारी संध्याकाळी येऊन सोमवारी पहाटे जाईन, असं ठरलं. सगळ्यांना पटलं, मलाही पटलं. तरी सोमवारी पहाटे तिचं पांघरूण मी दोन-तीनदा नीट करायचे.

तिचे शब्द मला फोनवरून मिळायचे. सासूबाई दुपारी माझ्या जेवणाच्या सुट्टीत फोन करायच्या.

"आज तिनं फुलाले फू म्हटलं व! मंग साबणाले फू म्हटलं. मंग तिच्या बापानं डोक्याले तेल लावलं, तं त्यालेई फू म्हणून राहिली. गजब पोट्टी हाये."

मी डबा तसाच उघडा ठेवून विचार करत बसले. म्हणजे तिच्यासाठी फू हे फूल नव्हतंच. फू म्हणजे वास. हे मी त्यांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, असं कसं, फुलालेच म्हणते ते. मी त्यांना भिंतीवरच्या कॅलेंडरमधला गुलाब दाखवून बघायला सांगितलं. संध्याकाळी कळलं की तिने त्या गुलाबाला नाक लावलं आणि जोरात मान हलवली. मला इतका आनंद झाला की मी खोलीत एकटीच हसले. आणि लगेच रागही आला. हे मी बघायला हवं होतं. माझ्या लेकीच्या डोक्यात एवढी मोठी गोष्ट उगवली आणि ती मला दुसऱ्याच्या तोंडून, जेवणाच्या सुट्टीत कळली. दिवसभर मी दुसऱ्यांच्या तुरीचे कोंब बघत होते.

व्हिडिओ कॉलवर ती मलाही नाक लावायची. फोनचा पडदा काळा व्हायचा आणि तिचा श्वास ऐकू यायचा. मग ती मागे व्हायची आणि माझ्याकडे जरा संशयाने बघायची.

शनिवारी मी घरी पोचले की ती आधी लांबून बघायची. एकदा तर तिने कमालच केली. मी पायरीवर बसून हात पसरले होते, आणि ती वळून आत गेली, सासूबाईंचा फोन घेऊन आली आणि माझ्या हातात दिला. मी ज्यात असते ते तिने मला आणून दिलं होतं. घरात सगळे हसले. मीही हसले आणि पाय धुवायच्या निमित्ताने नळावर गेले. तोंडावर पाणी मारत बराच वेळ उभी राहिले. परत आले तेव्हा तिने माझ्या ओढणीत तोंड घातलं, हुंगलं, आणि मग माझ्या मांडीत अशी चढून बसली की जेवायला उठू देईना. दर शनिवारी असंच व्हायचं. आधी परीक्षा, मग मांडी.

पण तिच्याकडे माझ्यासाठी शब्द नव्हता. आबा होते, बाबा होता, फू होतं, गायीचं हम्मा होतं. आई हा शब्दही होता, पण तो सासूबाईंचा. नवरा त्यांना आई म्हणतो, मी आई म्हणते, फुलं न्यायला येणारे हारवालेसुद्धा आई म्हणतात. मग लेकराने दुसरं काय म्हणायचं? सासूबाईंना याचा फार संकोच वाटायचा. तिला समोर बसवून, माझ्याकडे बोट दाखवून त्या शिकवायच्या, "मी आजी. ते पाह्य, ते आई. म्हण." ती त्यांच्या छातीवर बोट ठेवून खणखणीत म्हणायची, "आई." त्या माझ्याकडे बघायच्या नाहीत. मग म्हणायच्या, "हिले मम्मी म्हणायले शिकवू का?" मी नको म्हणायचे.

त्यांच्यावर मी रागावू शकत नव्हते. माझी आई मी लहान असताना गेली. मग कितीतरी वर्षं तो शब्द माझ्या तोंडात नव्हता, शाळेच्या पुस्तकापुरता होता. लग्नानंतर पहिल्या दिवशी सासूबाईंना आई अशी हाक मारली, आणि त्यांनी ओ दिल्यावर काही काम नसताना परत एकदा मारली. तो शब्द मला त्यांनी परत दिला होता. आता तोच शब्द माझ्या लेकीकडून मला हवा होता, आणि तो त्यांच्याकडे जाऊन बसला होता. मला हवा होता, म्हणजे अगदी हावरटासारखा हवा होता. बडनेऱ्याच्या फलाटावर उभी असताना दुसऱ्या कुणाचं पोर आई म्हणून ओरडलं तरी मी वळून बघायचे.

सोमवारी मी ती झोपेत असतानाच निघायचे. नवरा पहाटे गाडीवर फुलांची पोती घेऊन निघतो, तो बाजारात माल उतरवून मला बडनेऱ्याला सोडायचा, तिथून अकोल्याची गाडी. लेकराच्या डोळ्यांदेखत जाऊ नये, हे सासूबाईंचं ठाम मत. ती उठली की मला शोधायची आणि मग रडायची. दुपारपर्यंत रडायची, असं त्या मला सांगत नव्हत्या, नवरा सांगायचा.

आणि मग एका सोमवारी ती रडली नाही. पुढच्या सोमवारीही नाही. मी विचारलं तर सासूबाई जरा लाजून म्हणाल्या, "तुह्या जुन्या चपला होत्या ना निळ्या, त्या मी दारात ठेवून राहिली. तिले वाटते, तू मांगं वावरात हायेस. मंग नाई रडत."

मला ते आवडलं. खरं सांगते, फार आवडलं. त्या ओळीत, सँडलच्या शेजारी, माझी जागा रोज भरलेली राहणार होती. लेक रोज सकाळी हजेरी घ्यायची तेव्हा निळ्या चपलेवरही हात ठेवायची. तोंडाने काही म्हणायची नाही, नुसता हात ठेवायची. नवऱ्याने तो व्हिडिओ पाठवला. मी तो प्रयोगशाळेतल्या बायकांना दाखवला. एकजण म्हणाली, "किती हुशार सासू आहे तुझी." मी म्हटलं, आहेच.

असे काही आठवडे गेले. मग एका बुधवारी भर दुपारी नवऱ्याचा फोन आला. मी पेटीतून गुंडाळ्या काढत होते.

"घाबरू नको," तो म्हणाला, म्हणजे मी घाबरले. "पोट्टी ठीक हाये. सापडली."

ती हरवली आहे हेच मला माहीत नव्हतं. सासूबाईंचा जरा डोळा लागला होता. तेवढ्यात लेक उठली, पायरीवर गेली, आणि तिने माझी एक निळी चप्पल उचलली. चप्पल छातीशी धरून ती सगळ्या घरात फिरली. कॉटखाली बघितलं असणार, कारण कॉटखालची चादर ओढलेली होती. शेडमध्ये जिथे हार ओवतात तिथे गेली. तिथल्या फुलांच्या ढिगात चपलेचा ठसा होता. मग ती मागे वाफ्यांत गेली. झेंडू तिच्या डोक्याच्या वर. सासरे पलीकडे पाणी वळवत होते, त्यांना आवाज आला म्हणून ते धावले. ती दोन सऱ्यांच्या मधे, चिखलात उभी होती. चप्पल समोर ठेवलेली. आणि ती मला हाका मारत होती.

"काय म्हणत होती?" मी विचारलं.

"काही नाई. नुसतं ए, ए करत होती."

मी फोन ठेवला आणि हातातली गुंडाळी कुठे ठेवायची ते मला सुचेना. तिच्याकडे माझ्यासाठी शब्दच नव्हता तर ती काय ओरडणार? चप्पल आहे म्हणजे माणूस आहे, हे तिचं गणित अगदी बरोबर होतं. आम्ही तिला खोटी चप्पल दिली होती. ती इतके दिवस वाट बघत राहिली की वाफ्यांतून मी कधी येते, आणि शेवटी स्वतः बघायला निघाली. मला रडू येत होतं, आणि त्या रडण्यात कुठेतरी सुखही होतं, तेही लपवत नाही. ती मला शोधत होती. ओढणीला नव्हे, फोनला नव्हे, मला.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. "चुकलंच माय माह्यं," एवढंच त्या परत परत म्हणत होत्या. "लेकराले फसवलं मी." मी म्हटलं, "आई, तुम्ही माझीच आठवण ठेवत होता ना." त्यावर त्या जास्तच रडल्या. निळ्या चपला त्यांनी चुलीत घातल्या. घरभर रबराचा वास सुटला म्हणून सासऱ्यांनी त्यांना वेगळं ऐकवलं.

त्या शनिवारी मी ठरवून गेले. आता चोरून जायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, "डोळ्यांदेखत जाशीन तं आभाळ डोक्यावर घेईन ते." मी म्हटलं, घेऊ दे. सोमवारी पहाटे मी तिला उठवलं. कडेवर घेऊन पायरीवर आले, तिच्या देखत सँडल घातल्या, तिच्या देखत पिशवी खांद्याला लावली, तिला सासूबाईंकडे दिलं आणि फाटकापर्यंत मागे वळून हात हलवत गेले. ती जी रडली, तो आवाज अकोल्यापर्यंत माझ्या कानात होता. पण सासूबाईंनी दुपारी सांगितलं की नंतर ती पायरीवर बसली, माझी रिकामी जागा हाताने थोपटली, तळवे वर केले, रस्त्याकडे बघितलं, आणि दूध प्यायला आत गेली.

पुढच्या सोमवारी ती कमी रडली. त्याच्या पुढच्या वेळी ती रडली नाही, नुसती बघत राहिली. सँडलकडे, मग पिशवीकडे, मग फाटकाकडे, मग परत पिशवीकडे. चपला सगळ्यांच्याच जातात आणि संध्याकाळी परत येतात. पण पिशवी गेली की मी बरेच दिवस येत नाही, हे तिने कधीतरी लक्षात ठेवलं असावं. कारण नंतर माझी पिशवी दिसली की तिचं खेळणं थांबायचं. रविवारी दुपारी मी पिशवी खाली काढली की ती येऊन त्यावर बसायची. उचलून बाजूला केली की परत येऊन बसायची. तिला तेव्हा नवे लाल बूट आणले होते, चालताना चूं चूं वाजणारे. त्या आवाजाने सासऱ्यांचं डोकं उठायचं, पण बूट काढायला गेलं की ती किंचाळायची. रविवारी तर तिच्या चूं चूं फेऱ्या पिशवीपासून कपाटापर्यंत आणि कपाटापासून पिशवीपर्यंत चालायच्या. मी एक कपडा आत ठेवला की ती तो बाहेर काढायची. एका रविवारी मी वैतागून म्हटलं, "जा गं बाई, आजीकडे जा, मला आवरू दे." ती गेली नाही. पिशवीत डोकं घालून काहीतरी करत राहिली. मी दुर्लक्ष केलं, वरण उतू जात होतं म्हणून स्वयंपाकघरात गेले.

सोमवारी ती फाटकापर्यंत आली, सासूबाईंच्या कडेवर. रडली नाही. उलट मला वाटलं, ती जरा खुशीतच आहे. मला ते लागलं. आता सवय झाली तिला, असं मनात म्हणत मी गाडीत बसले, आणि मूर्तिजापूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. ज्या गोष्टीसाठी मी इतके आठवडे धडपडले होते ती झाली होती, आणि मला ती नको होती.

दुपारी नवऱ्याचा मेसेज आला. पोट्टीचा एक बूट सापडत नाही, तू पाहिला का? मी लिहिलं, कॉटखाली बघा. थोड्या वेळाने परत आला. कॉटखाली नाही, शेडमध्ये नाही, आबांनी फुलांचे क्रेट उलटे करून बघितले, आईला वाटतंय फुलांच्या पोत्यातून बाजारात गेला. मी लिहिलं, मग आज देवीला बूट वाहिला असेल कुणीतरी. दिवसभर पिशवी माझ्या टेबलाखाली होती.

संध्याकाळी खोलीवर आले, पिशवी कॉटवर टाकली, आणि पिशवी वाजली. चूं.

मी पिशवीची चेन उघडली. मग कपडे एकेक करून बाहेर काढले. अगदी तळाशी, माझ्या घडी केलेल्या कुर्त्याच्या खाली, लाल बूट होता. टाकला नव्हता, ठेवला होता. वर कपडा ओढून घेतलेला. दुसरा का ठेवला नाही ते मला माहीत नाही. बहुतेक तेव्हा तो तिच्या पायात असेल.

ज्याची चप्पल जिथे, ते माणूस तिथे. माझी पिशवी अकोल्याला जाते. एवढंच तिच्याजवळ होतं, आणि त्यातून तिने स्वतःचं येणं जमवलं होतं. मला आई म्हणायला तिला अजून जमत नव्हतं.

मी व्हिडिओ कॉल लावला. नवऱ्याने तिला समोर धरलं. मी बूट दाखवला तर नवरा हसायला लागला, मागून सासूबाई ओरडल्या, "माय व! हा इथून तिथं गेला?" लेक हसली नाही. ती बुटाकडे बघत होती, मग माझ्याकडे. काहीतरी बाकी होतं. मग मला समजलं. मी फोन घेऊन दाराबाहेर गेले, माझ्या सँडल भिंतीकडे सरकवल्या आणि त्यांच्या शेजारी तो बूट ठेवला, नीट, टोक दाराकडे करून. आणि फोन खाली धरला.

तिने बराच वेळ बघितलं. मग तिचा चेहरा मोकळा झाला. "आली," ती म्हणाली, आणि बापाच्या मांडीवरून उतरून निघून गेली. काम झालं होतं. तिच्या चालण्याचा आवाज मला ऐकू येत राहिला. एका पायाचा चूं, दुसऱ्याचा काही नाही, परत चूं, पायरीच्या दिशेने.

फोन बंद केल्यावर मी उंबरठ्यातच बसले. ती माझ्याकडे आली होती, तिच्या हिशेबाने पक्की आली होती, आणि आता निवांत झाली होती. मांडी तेवढी रिकामी होती. मी बुटाच्या टाचेवर बोट दाबलं, तो वाजला. परत दाबलं.

जिन्यावर पावलं वाजली. घरमालकीणबाई वाटीत काहीतरी झाकून वर येत होत्या. दाराशी त्या थांबल्या, त्यांनी चपलांकडे बघितलं, आणि त्यांचा आवाज आपोआप हळू झाला.

"काय व, लेकरू आणलं का?"

"हो," मी म्हटलं. "आली आहे."

"झोपली का?"

मला पायरीकडे निघालेला तो एका पायाचा आवाज आठवला.

"आता झोपेल," मी म्हटलं.